वाळूचं मडकं

मनकर्णेनं फेकलेला कांदा भिमाजीच्या बोटांना चाटून गेला आणि अंगणातून गडगडत लंकाबाईच्या कुडापाशी जाऊन थांबला. तो उचलायला भिमाजी वाकला आणि वाकल्याबरोबर सगळं अंगण डावीकडून वर आलं. त्यानं घाईनं कूड धरला. कुडाच्या दोन पऱ्हाट्या कडाकडा मोडल्या.

"धरू नका," मनकर्णा जागेवरनंच म्हणाली. "काय बी धरू नका. हुबं ऱ्हावा. जातीया ती आपली आपन."

"जातीया म्हनं. हितं समदं शिवार फिराया लागलंय."

"शिवार फिरू द्या. तुमी फिरू नका."

तो डोळे मिटून उभा राहिला. मग उघडून उभा राहिला. हळूहळू कूड कुडाच्या जागी आला, घर घराच्या जागी आलं आणि अंगणाच्या मधोमध दुसरा कांदा हातात घेऊन उभी असलेली त्याची म्हातारीही जागेवर आली.

मोडलेल्या पऱ्हाट्यांचा आवाज ऐकून लंकाबाई पिठाच्या हातानंच बाहेर आली होती. शेजारच्या घरात काय चाललंय ते बघण्यात तिनं आयुष्यात कधी आळस केला नव्हता.

"वडाला फेऱ्या मारनाऱ्या बाया बघितल्या," ती म्हणाली. "बाईला फेऱ्या मारनारा गडी मातूर आजच बघते बया."

"तुज्या मालकाला बी लाव की मग," मनकर्णा म्हणाली. "बघ जमतंय का त्याला."

लंकाबाई खुदकन हसली. भिमाजीला काही हसू आलं नाही. त्यानं कांदा उचलून बायकोकडं फेकला आणि पुन्हा तिच्याभोवती चालायला लागला, पाय फाकवून, नुकतं चालायला शिकलेल्या पोरासारखा.

गेल्या आखाडात त्याला ताप आला होता. ताप गेला, पण जाताना कानात कुठंतरी बिघाड करून गेला. उठलं की भोवंड, वळलं की भोवंड. ज्या माणसानं उभा जन्म मोटेच्या धावेवर बैलांबरोबर मागं-पुढं करण्यात घालवला, तो आता परसाकडं जायचं तर बायकोच्या खांद्यावर हात ठेवून जाऊ लागला. लंकाबाईनं उतारा सुचवला, तो झाला. वैद्याचा काढा झाला. कशानं म्हणून कशानं उतार पडला नाही.

तेवढंही चाललं असतं. पण त्याच सुमारास थोरला भाऊ गेला. भावाच्या तिरडीला खांदा द्यायचा नाही तर मग कुणाच्या द्यायचा? नको नको म्हणत असताना भिमाजीनं पुढचा दांडा धरला. वेशीपर्यंत निभावलं. पुढं नदीकडचा उतार लागतो. तिथं पाय पडला एकीकडं आणि अंग गेलं दुसरीकडं. तिरडी कलली. चौघं धावले म्हणून सावरली, नाहीतर सख्ख्या भावाला त्यानं मेल्यावर धुळीत पाडलं असतं.

गावातले जाणते म्हणजे उत्तमराव. त्यांनी भिमाजीला दंडाला धरून मसणवट्याच्या कडेच्या बाभळीखाली नेऊन बसवलं.

"भिमाजी, आता ह्ये तुजं काम न्हाई," ते म्हणाले. "ह्याच्या म्होरं नदीकडं यायचंच न्हाई."

ते काही वाईट बोलले नव्हते. गळ्याशपथ, मायेनंच बोलले होते. पण पुतण्या राधाकृष्ण बापाभोवती फेऱ्या घालत होता तेव्हा भिमाजी बाभळीखाली, चार पोरासोरांत बसून होता. ते त्याच्या जिव्हारी लागलं. त्यानंतर गावात कुणी गेलं की लोक त्याला न बोलावता दारावरून पुढं जात आणि तो आत भिंतीकडं तोंड करून बसे.

राधाकृष्ण मात्र गुणाचा. सुतक फिटल्यावर तो आला आणि म्हणाला,

"तात्या, काकी, आता दोन घरं कशापायी? आमच्यातच येऊन ऱ्हावा."

"येऊ की," मनकर्णा म्हणाली. "तुजं तात्या सवताच्या पायानं तुज्या दारात आलं, की त्यांच्या मागनं मी आलेच."

आणि दुसऱ्याच आठवड्यात ती नवऱ्याला घेऊन नगरच्या मोठ्या दवाखान्यात गेली.

तिथं एक सिस्टर होती, बारीक काड्यांच्या चष्म्याची. डॉक्टरांनी कान बघितले, डोळे बघितले आणि भिमाजीला तिच्या हवाली केलं. तिनं त्याला स्टुलावर बसवलं. अंगठा नाकापुढं धरून लांब न्यायचा, जवळ आणायचा, नजर त्याच्यावर ठेवायची. मान डावीकडं, उजवीकडं, वर, खाली. उभं राहायचं, बसायचं, डोळे मिटून पुन्हा तेच. मग कुणीतरी मधोमध उभं राहायचं, आपण त्याच्याभोवती चालायचं आणि चालता चालता त्यानं टाकलेला चेंडू झेलायचा.

"ह्यानं तर भवंड यील की," भिमाजी म्हणाला.

"आलीच पाहिजे," सिस्टर म्हणाली. "ती येऊ नये म्हणून तुम्ही मान आखडून धरता, तिथंच चुकतं बाबा. रोज थोडी थोडी मुद्दाम आणायची. मेंदूला तिची सवय होते, मग ती त्रास देत नाही. आणि बाबांना एकट्यानं करू देऊ नका मावशी. जवळ कुणीतरी पाहिजे."

औषध घ्यायला यावं आणि बाईनं दुखणंच पदरात घालून पाठवावं, असलं काही भिमाजीनं ऐकलं नव्हतं. तो काही बोलणार होता, पण सिस्टर आता मनकर्णेकडं बघत होती.

"मावशी, तुम्ही एवढ्या का वाळलात? आणि पोट का दाबून धरता सारखं?"

मनकर्णेनं पोटावरचा हात काढला. सिस्टर तिला आत घेऊन गेली. आत बराच वेळ गेला. भिमाजी बाहेर बाकावर बसून अंगठा पुढं-मागं करत राहिला, शिकवलेलं विसरू नये म्हणून. मनकर्णा पदर सारखा करत बाहेर आली.

"काय म्हनलं?"

"अशक्तपना हाय. गोळ्या दिल्यात."

भिमाजीला त्यात नवल वाटलं नाही. त्या साली अशक्तपणा कुणाला नव्हता? पाऊस लागोपाठ दुसऱ्या वर्षी दडी मारून बसलेला, विहिरींचे तळ दिसायला लागलेले, अख्खं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं. ज्याच्या त्याच्या गालाची हाडं वर आली होती. त्यात एका म्हातारीच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या तर त्या कुणाच्या ध्यानात येणार?

तर असं ते अंगणातलं चालणं सुरू झालं. चेंडू कुठला आणायचा, म्हणून कांदा. सकाळी झेलायचा आणि दुपारी तोच फोडून भाकरीबरोबर खायचा. भिमाजी कुरकुर करी, चिडे, मधेच ओट्यावर बसकण मारी. मनकर्णा ढिम्म हलायची नाही.

"पायाकडं बघू नका. पायाकडं बघाल तर पडाल. माज्या कुकवाकडं बघा."

तिचं कुंकू बंद्या रुपयाएवढं. भिमाजी त्या कुंकवावर नजर लावून फिरे. नजर तिथं ठरली की पायही थोडे ठरत. महिन्याभरात तो परसाकडं एकटा जाऊन आला. आल्यावर काही बोलला नाही, पण ओट्यावर न बसता उभ्यानंच पाणी प्याला, आणि ते मनकर्णेला दिसावं अशा जागी उभा राहून प्याला.

त्या शनिवारी ती काष्टीच्या बाजाराला गेली आणि डोक्यावर एक मडकं घेऊन आली.

"आता कांदा बास," ती म्हणाली. "आता ह्ये खांद्यावर घिऊन चालायचं."

"घागर हाय की घरात."

"घागर पडली तर पोचा येईल. मडकं फुटलं तर फुटलं."

पाणी भरायचा तर प्रश्नच नव्हता. प्यायलाच दोन कोसांवरून आणावं लागत होतं. तिनं नदीतली कोरडी वाळू आणून मडक्यात भरली. मडकं बुडाशी चिरलेलं निघालं. चिरलेलं म्हणूनच कुंभारानं फुकट दिलं असं ती म्हणाली. चिरेतून वाळू बारीक धारेनं गळायची आणि भिमाजी चालेल तशी अंगणात रेघ पडत जायची.

"ह्ये बेस झालं," मनकर्णा म्हणाली. "झोक कुठं गेला त्ये आता रेघच सांगंल."

रेघ खरोखरच चुगली करी. जिथं त्याचा तोल गेला असेल तिथं ती बाहेर फुगलेली दिसे. मनकर्णा बोटानं ती जागा दाखवी. मडकं डाव्या खांद्यावर का, तर झोक डावीकडं जास्त जातो म्हणून. फेऱ्या उलट्या का, तर सुलट्या इतके दिवस झाल्याच की. प्रत्येक गोष्टीला तिच्यापाशी उत्तर होतं. फेऱ्या झाल्या की तिच्याकडं पाठ करून उंबऱ्यापर्यंत सरळ जायचं. मागं बघायचं नाही.

"पर ती बाई तर म्हनत हुती मान वळवा म्हनून."

"त्ये सकाळचं. ह्या टायमाला वळवायची न्हाई."

पण भिमाजीची खोड अशी, की उंबऱ्याशी गेला की वळून बघायचाच. आपण किती सरळ आलो ते हिनं बघितलं का, एवढंच त्याला बघायचं असे. मनकर्णा मान हलवी.

"बघितलं. पुन्हा."

की गडी परत पहिल्यापासून.

आता कुणी म्हणेल, सारा जन्म गावात काढलेल्या माणसाला एवढं कळू नये? मडकं, डावा खांदा, उलट्या फेऱ्या. पण ज्याच्या पायाखाली जमीन थांबत नाही त्याला त्या जमिनीपलीकडचं काही सुचत नाही, हेही खरं. भिमाजीचं सगळं ध्यान रेघेत होतं. मनकर्णा आता मधोमध उभी न राहता पालथ्या पाटीवर बसायला लागली होती, तेही त्याला दिसलं, पण म्हातारी दमली असेल असं म्हणून त्यानं सोडून दिलं.

लंकाबाईला मात्र दिसलं. एक दिवस ती नेहमीसारखी काहीतरी चेष्टा करायला कुडापाशी आली. तिनं खांद्यावरचं मडकं बघितलं, मनकर्णेभोवतीची वाळूची रेघ बघितली. तोंड उघडलं होतं ते तिनं मिटलं आणि आत निघून गेली. त्यानंतर तिनं चेष्टा केली नाही.

संक्रांत झाल्यावर दोघं पुन्हा नगरला गेली. भिमाजी दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यातून भिंतीला हात न लावता चालत गेला, टोकाला वळला आणि चालत परत आला. सिस्टरला मनापासून आनंद झाला.

"बाबा, तुम्ही तर कमाल केली. पण हा डावा हात वर कशाला धरता?"

भिमाजीनं आपल्या हाताकडं बघितलं. तो आपोआप खांद्याशी गेला होता.

"सवय झाली," तो हसून म्हणाला. "तितं मडकं असतंय न्हवं."

"मडकं?"

"तुमी सांगितलेलं. वाळू भरून. उलट्या फेऱ्या मारायच्या, मागं बघायचं न्हाई."

"मी? मी तर चेंडू सांगितला होता," सिस्टर हसत म्हणाली, आणि हसता हसता तिची नजर मनकर्णेकडं गेली.

मनकर्णा बांगड्या वर सारत होती. त्या पुन्हा खाली घसरत होत्या. सिस्टरनं चष्मा काढला, पदरानं पुसला, डोळ्यांवर चढवला. तेवढ्याला तिला फार वेळ लागला.

"चालू द्या," ती हळू म्हणाली. "चांगलं आहे ते. चालू द्या."

भिमाजी व्हरांड्याच्या मधोमध उभा होता. फरशी जागच्या जागी होती. भिंती जागच्या जागी होत्या. या वेळी भोवंड आली असती तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं, पण ती आली नाही.

श्रीगोंद्याच्या गाडीत त्यानं बायकोला खिडकीशी बसवलं. चिखली गाव मागं पडलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, करपलेली रानं आणि खडीचे ढीग. तरी मनकर्णा बाहेरच बघत होती.

"कवाधरनं?" भिमाजीनं विचारलं.

"पयल्या खेपंलाच सांगितलं त्यांनी. पोटात गाठ हाय. कापून बी उपेग न्हाई म्हनले."

"अन् मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमाला सवताच्या पायावर हुबं ऱ्हाता येत नव्हतं. सांगून आनखी आडवं पाडू?"

गाडी खड्ड्यातून गेली. पुढच्या बाकावरच्या माणसाची कोंबडी ओरडली. भिमाजीनं धोतराचा सोगा हातात घेतला आणि तो चुरगळत बसला. त्याला पुष्कळ विचारायचं होतं, दुखतं का, रात्री झोप लागते का, मी शेजारी घोरत होतो तेव्हा तू जागी होतीस का.

"राधाकृष्ण हाय की," तो म्हणाला. "त्यो करील समदं. मला न्हाई जमायचं ते."

"राधाकृष्ण लेकावानी हाय. त्यानं केलं तर काय वंगाळ न्हाई." ती थांबली. दम खाऊन म्हणाली, "पर मला तुमी पायजे. पोर न्हाई, बाळ न्हाई. अहेव जायाचं नशिबात आलंय, तर तुमच्या हातनं जाऊ द्या. त्या बाभळीखाली बसून माज्याकडं बघू नका."

भिमाजीच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं ते पुसलं नाही. गाडीत कोण बघतंय याची त्याला पर्वा राहिली नव्हती. थोड्या वेळानं मनकर्णेला डुलकी लागली आणि तिचं डोकं त्याच्या खांद्यावर कललं. सिस्टरनं मान मोकळी ठेवायला सांगितली होती, तरी उतरेपर्यंत त्यानं ती तसूभर हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं सांगायच्या आत त्यानं मडकं काढलं. वाळू चाळून भरली. पाटी पालथी घातली आणि तिला हाताला धरून वर बसवलं. तिघं-चौघं येणारे-जाणारे थबकून बघत होते, त्यांना बघू दिलं. त्या दिवशी रेघ कुठंही फुगली नाही.

उंबऱ्याशी पोचल्यावर मात्र त्यानं वळून बघितलंच.

"बघितलं. पुन्हा."

त्यानंतर तो रोज बघायचा. आता झोक जात नव्हता, रेघ सुतात यायची, वळून बघायचं कारण म्हणून उरलं नव्हतं. पण वळून बघितलं की ती 'पुन्हा' म्हणायची, आणि ती 'पुन्हा' म्हणाली की परत तिच्याभोवती चालायला मिळायचं.

"मुद्दाम बघताय तुमी," ती एकदा म्हणाली.

"न्हाई ग."

"पुन्हा."

होळीनंतर तिला पाटीवर बसवेना. त्यानं अंगणात वाकळ अंथरली. ती पडून राही आणि तो तिच्याभोवती फिरे. तिचा आवाज बारीक झाला होता. उंबऱ्यातून तो ऐकू यावा म्हणून भिमाजी पावलांचा आवाज न करता चालायला शिकला. गुढीपाडव्याच्या आधी, एका सकाळी, त्यानं वळून बघितलं तर तिनं नुसता हात उचलला. दोन दिवसांनी तेही झालं नाही.

बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली, कपाळभर मळवट भरला. लंकाबाई हुंदके देत म्हणत होती की नशीब काढलं बाईनं, सोनं झालं तिचं. भिमाजी भिंतीशी बसून ते ऐकत होता. तिचं कुंकू आता कधी नव्हे एवढं मोठं दिसत होतं.

राधाकृष्णानं विस्तवाचं गाडगं शिंकाळ्यात बांधून तयार केलं. उत्तमराव भिमाजीजवळ आले.

"भिमाजी, तू घरी थांब. राधाकृष्ण धरील विस्तव."

"न्हाई."

"आरं, उतार हाय तितला. मागल्या टायमाला काय झालं ते..."

"ठावं हाय मला," भिमाजी म्हणाला, आणि उठून गाडगं हातात घेतलं.

तो तिरडीच्या पुढं चालला. वेस आली, उतार आला. लोकांची बोलणी थांबली. भिमाजीनं समोरच्या काठावरच्या एका धोंड्यावर नजर लावली आणि उतार उतरून गेला. बाभळीजवळून जाताना त्यानं तिकडं बघितलंही नाही.

पाण्याचं मडकं राधाकृष्णानं आणलं होतं. नवं होतं. नदीत पाणी कुठलं, वाळूत झिरा उकरून त्यानं ते वाटी वाटीनं भरलं होतं. भिमाजीनं ते डाव्या खांद्यावर घेतलं. वाळू गप बसते. पाणी गप बसत नव्हतं. प्रत्येक पावलाला ते आत हिंदकळत होतं आणि त्याला बाहेर ओढत होतं. हे काही तिनं शिकवलं नव्हतं.

सरण पेटलं होतं. नजर कुठं लावायची? कुंकू गोवऱ्यांखाली गेलं होतं. पण ते कुठं असणार हे त्याला ठाऊक होतं, आणि त्यानं तिथंच नजर लावली. पहिली फेरी झाली. मागून राधाकृष्णानं दगडानं मडक्याला टोचा मारला आणि पाण्याची धार पाठीमागं पडायला लागली. दुसरी फेरी झाली. दुसरा टोचा.

तिसऱ्या फेरीत धुराचा लोट तोंडावर आला, नजर हलली आणि ती आली. मसणवटा डावीकडून वर यायला लागला. नदी, काठ, माणसं, सगळं फिरलं. चार जण पुढं सरकले. उत्तमरावांनी हात पुढं केला.

भिमाजीनं तो धरला नाही. काहीच धरलं नाही. तो उभा राहिला. फिरू द्या, तुमी फिरू नका. पाणी खांद्यावरून गळत होतं, अंगरखा भिजत होता, आणि तो जाळाच्या झळीत नुसता उभा राहिला, नदी नदीच्या जागी येईपर्यंत. मग त्यानं राहिलेली फेरी पुरी केली. सरणाकडं पाठ करून मडकं खांद्यावरून मागं सोडलं. ते फुटल्याचा आवाज आला. तो सरळ चालत निघाला आणि चढ चढून वर येईपर्यंत त्यानं मागं वळून बघितलं नाही.

वेशीपाशी राधाकृष्ण त्याच्या बरोबरीला आला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"रेघ कशी पडली रं?" भिमाजीनं विचारलं.

"कसली रेघ, तात्या?"

"पान्याची."

राधाकृष्णाला काही उमगलं नाही. म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला असावा असं समजून त्यानं त्याचा हात धरला. भिमाजीनं तो हळूच सोडवला.

"काय न्हाई. चल."

दिवस कलल्यावर माणसं पांगली. राधाकृष्णाची बायको दिवा लावून, पिठलं-भाकरी झाकून ठेवून गेली. राधाकृष्ण निजायला येतो म्हणाला होता, त्याला अजून वेळ होता. भिमाजी ओट्यावर बसला होता. अंगणात पालथी पाटी तशीच पडली होती. तिच्याभोवती इतक्या दिवसांच्या चालण्यानं जमीन दबून गोल वाट पडली होती.

तो उठला. कोपऱ्यातलं चिरलेलं मडकं काढलं, त्यात वाळू भरली, खांद्यावर घेतलं आणि पाटीभोवती चालायला लागला. वाळू बारीक धारेनं पडत राहिली. फेऱ्या झाल्यावर पाठ करून तो उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथं वळून त्यानं अंगणाकडं बघितलं. रेघ सुतात आली होती. पलीकडं कुडापाशी लंकाबाई तोंडाला पदर लावून उभी होती.

भिमाजी बराच वेळ उंबऱ्यात थांबला. मग आपणच परत फिरला, मडकं सावरलं आणि पहिल्यापासून सुरू केलं.